पायाशी पोहण्याची परवानगी

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी सर आम्हाला एक काम लावायचे. मला त्या कामाची समुद्रापेक्षा जास्त भीती वाटायची. किनाऱ्यावर जमलेल्या स्पर्धकांमधून आपल्याहून बरी पोहणारी एकजण हेरायची, तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि स्पष्ट विचारायचं, "मी आज तुझ्या पायाशी आले तर चालेल का?"

पायाशी पोहणं हा सरांचा शब्द. इंग्रजीत त्याला ड्राफ्टिंग म्हणतात आणि समुद्रातल्या शर्यतीत ते सगळेच करतात. पुढचा पाणी फोडत जातो. त्याच्या पायांच्या लगेच मागे राहिलं तर आपल्याला तेच अंतर कितीतरी कमी कष्टात कापता येतं. नियमांत याला बंदी नाही. बाहेरगावचे कोच तर मुद्दाम शिकवतात की शेवटपर्यंत कुणाच्या तरी मागे राहा, दम वाचवा आणि किनारा जवळ आला की बाजूने काढून पुढे जा. सरांना हे ऐकूनच कसंतरी व्हायचं. "पाणी कुणाच्या बापाचं नाही," ते म्हणायचे, "पण ते फोडायचे कष्ट कुणाचे तरी असतात. विचारून घ्या. आणि घेतलंत तर आळीपाळीने तुम्हीही पुढे व्हा."

लोक हसायचे. पुण्याची एक मुलगी टोपीत केस कोंबता कोंबता मैत्रिणीला म्हणाली होती, "अगं ही बघ, मला फॉलो करायची परमिशन मागतेय. सो क्यूट!" कोल्हापूरच्या एका पैलवानी मुलाने आमच्यातल्या एकाला विचारलं होतं, "लगीन ठरवायला आलाईस व्हय रं? मग आईबापास्नी घिऊन ये की."

माझी अडचण वेगळी होती. मला अनोळखी माणसाशी बोलताच येत नाही. शाळेत इंग्रजीतून उत्तर येत असलं तरी मी कधी हात वर केला नाही, आणि घरी आलेल्या पाहुण्यांशी मराठीतून काय बोलायचं ते मला कधी सुचलं नाही. त्यामुळे मी कुणालाच काही विचारायचे नाही आणि अख्खी शर्यत सगळ्यांपासून लांब, एकटी पोहायचे. सरांना वाटायचं, हा माझा करारीपणा. ते इतरांना माझं उदाहरण द्यायचे. त्यांचा गैरसमज दूर करायचा तर पुन्हा बोलावं लागलं असतं, म्हणून तो तसाच राहिला.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नव्हतं. मोठ्या बहिणीबरोबर राहायचे. त्याही एकट्याच, शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं, सरही ताईच म्हणायचे. सकाळी उजाडलं की दोघं स्कूटरवरून भाट्याच्या किनाऱ्यावर यायची. स्कूटर ताई चालवायच्या. मागे सर, कॉलेजला निघाल्यासारखे, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, कमरेला पट्टा, पायात बूट. सुरूच्या झाडाखाली त्या सगळ्याची घडी घालायला त्यांना इतका वेळ लागायचा की तोवर आमचा व्यायाम होऊन जायचा. गॉगलचा पट्टा तुटला तेव्हा त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावली होती. तो गॉगल काढला की त्यांच्या कपाळावर काळा वळ उठलेला असायचा आणि ताई पदराने तो पुसायला जायच्या.

शिट्टी त्यांना चालत नसे. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हातातले दोन गोटे ते पाण्याखाली एकमेकांवर आपटायचे. एकदा आपटले की वळा, लागोपाठ आपटले की परत या. "तुमचे कान पाण्यात. मग मी हवेत बोंबलून काय उपयोग?" तो आवाज कुठल्याच दिशेने यायचा नाही, एकदम डोक्याच्या आतच वाजायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं माझाच दात तुटला.

घड्याळ लावून पोहायचीही बंदी होती. एका मुलाच्या वडिलांनी त्याला परदेशातून महागडं घड्याळ आणून दिलं होतं, अंतर आणि हृदयाचे ठोके मोजणारं. सरांनी त्याला ते वाळूत पुरून ठेवायला सांगितलं. पोहून आल्यावर कुठे पुरलं ते काही त्याला आठवेना. भरती चढत होती. आम्ही सगळ्यांनी मिळून किनारा उकरला, शेवटी त्याचे वडील आले.

"तुम्ही भरून द्याल का हो प्रोफेसर?" ते ओरडले.

"त्याला खूण करून ठेव म्हटलं होतं," सर शांतपणे म्हणाले. "खूण न करता समुद्रात जाणाऱ्याचं घड्याळच गेलं, हे चांगलंच झालं म्हणायचं."

खुणा हा सरांचा सर्वांत मोठा धडा. दर थोड्या वेळाने डोकं वर काढून दीपगृह कुठे आहे, सुरूचं बन कुठे आहे, पाण्याची टाकी कुठल्या माडाच्या डावीकडे आहे ते बघायचं. पायाशी पोहणाऱ्याला हे करावं लागत नाही, तो पुढच्यावर भरवसा टाकून नुसते बुडबुडे बघत जातो. "पुढचा चुकला की मागचाही चुकणार, आणि त्याला कळणारसुद्धा नाही," सर म्हणायचे. म्हणून ते स्वतः आयुष्यात कुणाच्या पायाशी पोहले नव्हते. हे ते आम्हाला वरचेवर सांगायचे.

आणि याच माणसाला काचबिंदू झाला.

आम्हाला ते ताईंकडून कळलं. सर सांगणाऱ्यातले नव्हते. एक डोळा जवळपास गेलेला होता, दुसरा कडेकडेने विझत चालला होता. डॉक्टरांनी पोहू नका असं म्हटलं नव्हतं, एवढ्यावर ते अडून बसले. ताईंनी मग एकदा आम्हा सगळ्यांसमोर किनाऱ्यावरच अट घातली.

"हे बघ, तुला जायचं तर जा. मी आडवी येणार नाही. पण परत तुझा तू आला पाहिजेस. ज्या दिवशी कुणी तुला किनाऱ्याला आणून सोडलं, त्या दिवशी समुद्र बंद. कबूल?"

"कबूल."

"घरी गेल्यावर वाद घालायला फिजिक्स काढायचं नाही."

"नाही काढणार गो ताई."

तेव्हापासून ताई रोज चटई टाकून बसायच्या, मांडीवर टॉवेल, बाजूला पेजेचा डबा. आम्ही किती अंतर पोहतो, कोण जिंकतं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सर पाण्यातून कुठे उभे राहतात तेवढंच त्या बघायच्या. आधी ते बरोबर चटईसमोर उभे राहायचे. मग हळूहळू खाडीच्या बाजूला सरकायला लागले. ताई टॉवेल घेऊन चालत जायच्या. ते चालणं रोज थोडं लांबत होतं.

सरांकडे तेव्हा आम्ही बरेचजण होतो. आर्यामुळे ते सगळं संपलं, खरं तर सरांमुळेच. आर्या मिऱ्या गावची, आमच्यात सर्वांत वेगवान. तिचे वडील मुंबईत कंपनीत होते, आई घर चालवायची. त्या वर्षीच्या आमच्या किनाऱ्यावरच्या स्पर्धेत आर्याने सांगलीच्या एका मुलीला रीतसर विचारलं, ती हो म्हणाली आणि आर्या तिच्या पायाशी पोहली. आळीपाळीने पुढे व्हायची संधी काही मिळाली नाही, गर्दीच तेवढी होती. किनारा जवळ आला तेव्हा आर्याकडे भरपूर दम शिल्लक होता. ती सहज पुढे गेली असती. पण सरांची शिकवण अशी की ज्याच्या पाण्यावर आलात त्याला शेवटी मागे टाकायचं नाही. आर्या हात आवरून मागे राहिली आणि दुसरी आली.

आर्याची आई बक्षीस समारंभ संपायची वाट न बघता सरांसमोर उभी राहिली.

"सर, माज्या पोरीचा पैला नंबर तुमी दान केलात."

"दान नाही वहिनी. ज्याचा होता त्याला दिला."

"त्या पोरीला तरी म्हाईत हाय काय, तिला कोनी काय दिलं ते?"

  आर्या मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या आठवड्यापासून आर्या शहरातल्या नव्या कोचकडे जाऊ लागली. तिच्यामागून एकेक करत सगळे गेले. मी राहिले. सर ताईंना म्हणाले, "बघ, हिला कळतं." मला काय कळत होतं कोण जाणे. "उद्यापासून येणार नाही" हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं आणि ते मला जमलं नव्हतं, एवढंच. पण राहिले ते राहिले. पुढे पुढे मला दुसरीकडे कुठे जावंसं वाटेना.

आता पाण्यात आम्ही दोघंच असायचो. सर पुढे, मी बाजूला, अंतर ठेवून. बोलायचा प्रश्नच नव्हता, आणि माझ्यासारखीला दुसऱ्या माणसाबरोबर असण्याची याहून बरी तऱ्हा सापडणार नाही. जाताना पश्चिमेकडे, सूर्य पाठीशी, पाणी गडद निळं. परत येताना सूर्य थेट समोर, माडांच्या वर आलेला, आणि पाण्यावर नुसती चमक. धड डोळ्यांच्या माणसालाही त्या चमकेत किनारा दिसत नाही, अंदाजाने जावं लागतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. परत येत होतो. माझ्या तळपायाला काहीतरी लागलं. मला वाटलं प्लास्टिकची पिशवी असेल. थोड्या वेळाने पुन्हा लागलं. बोटं होती. मी श्वास घेताना मागे बघितलं. सर माझ्या पायाशी होते.

त्यांनी विचारलं नव्हतं. मीही किनाऱ्यावर आल्यावर काही विचारलं नाही. त्यांनी अंग पुसलं, शर्टाची बटणं खालून वर लावली आणि ओहोटीबद्दल काहीतरी बोलले. ताई खूश होत्या, कारण त्या दिवशी सर नेमके चटईसमोर बाहेर आले होते.

त्यानंतर रोजच तसं होऊ लागलं. वळायची जागा आली की सर हळू होत, मला पुढे जाऊ देत आणि मागे लागत. मी थोडी सावकाश पोहायला लागले. पाय एरवीपेक्षा जोरात मारायला लागले, म्हणजे बुडबुडे जास्त उठतील आणि सरांना दिसतील. डोकं वारंवार वर काढायला लागले, कारण आता मी चुकले तर दोघं चुकणार होतो. आणि ताई चटईवरून हात हलवून म्हणायच्या, "काय गो, आज तुझे सर कसे सरळ आले बघितलंस ना? डॉक्टरला काय कळतंय!" मी मान हलवायचे. माझ्या गप्प बसण्याची सगळ्यांना सवय होती, त्यामुळे त्याचा कुणी वेगळा अर्थ लावला नाही.

मग स्पर्धा आली. सरांनी ज्येष्ठांच्या गटात नाव दिलं.

इथे एका नियमाबद्दल सांगायला हवं. आमच्या स्पर्धेत सगळे गट एकदमच सुटतात, बायका गुलाबी टोप्यांत, पुरुष पांढऱ्या. बऱ्याच वर्षांपूर्वी सरांनीच आयोजकांच्या मागे लागून एक नियम घालून घेतला होता की पुरुषाने बाईच्या पायाशी पोहायचं नाही आणि बाईने पुरुषाच्या. त्यांचं म्हणणं होतं, एखादा दणकट भाऊ नाहीतर काका पुढे राहून मुलीला ओढत आणतो, मग ते पोहणं तिचं राहत नाही. स्पर्धेच्या सकाळी हा नियम माईकवरून वाचला जायचा आणि मोडला तर मागून पोहणारा बाद. त्या वर्षीही वाचला. सर माझ्यापासून थोड्या अंतरावर उभे होते. त्यांनी एकदा माझ्या दिशेने मान वळवली. मी तिथे आहे हे त्यांना दिसत होतं की नाही, मला माहीत नाही.

जाताना मी चांगली गेले. वळायच्या जागी तरंगणाऱ्या नारिंगी फुग्याला वळसा घातला तेव्हा माझ्यापुढे फार थोड्या गुलाबी टोप्या होत्या. तिथून किनाऱ्याकडे बघितलं. चमक. वितळलेल्या पत्र्यासारखं पाणी, त्याच्या पलीकडे काहीच नाही. डाव्या हाताला खाडीचं तोंड आणि ओहोटीची ओढ बाहेर.

मी थांबले. गॉगल नीट करत असल्यासारखी उभ्यानेच पाय मारत राहिले. गुलाबी टोप्या गेल्या, पांढऱ्या गेल्या. बोटीतल्या माणसाने विचारलं, "क्रॅम्प आला काय?" मी मान हलवून नाही म्हटलं. शेवटी काळ्या रबरी पट्टीची पांढरी टोपी आली. सर फुग्याला हात लावून थांबले, मान इकडेतिकडे करत. मी त्यांच्यासमोरून सावकाश पुढे गेले आणि जोरात पाय मारले.

बोटं तळपायाला लागली.

सबंध वाट ती लागत राहिली, मध्येच हरवायची, मग मी हळू व्हायचे, पुन्हा लागायची. ती परत लागली की मला हायसं वाटायचं. सुरूचं बन दिसायला लागलं तेव्हा माझ्या बाजूने एक बाई, आमच्या आईच्या वयाची, आरामात निघून गेली. मला काही वाटलं नाही. खाली वाळू आली. सर उभे राहिले, बरोबर ताईंसमोर.

"आलास की रे!" ताई टॉवेल पसरून पाण्यात घोट्यापर्यंत आल्या. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "आलास, शर्यतीत जाऊन आलास! आता मरेपर्यंत जा बाबा, मी अडवणार नाही!"

सरांनी टॉवेल घेतला नाही. ते ताईंच्या बाजूने पुढे गेले, आवाजाच्या रोखाने, जिथे मांडवात पंचांचं टेबल होतं. टेबलावर त्यांचाच जुना विद्यार्थी बसला होता. तो उठून उभा राहिला.

"अभिनंदन सर! ज्येष्ठांमध्ये पहिले."

"मला बाद कर."

"काय झालं सर?"

"परतीला मी मुलीच्या पायाशी होतो. सगळा वेळ."

त्याने आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "सर, कुणाची तक्रार नाही हो. बोटीवाल्यानेही काही सांगितलं नाही."

"तक्रार मी करतोय ना."

"सर, तुमच्या गटात तुम्ही एकटेच आहात! बाद केलं तर नंबर देऊ कुणाला?"

"कुणाला नको देऊस."

मांडवातले काहीजण हसले. ताई मागून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून?"



"दिवाळीपासून," सर म्हणाले. "तिला नको विचारूस. ती काय करणार? मी तिला विचारलंसुद्धा नाही."

ताईंनी टॉवेल उलगडला आणि त्या त्यांची पाठ पुसू लागल्या, सगळ्यांसमोर, शाळेतून भिजून आलेल्या पोराची पुसावी तशी. मग त्यांचे बूट हातात घेतले. "चल," एवढंच म्हणाल्या.

मी नंतर पुष्कळ विचार केला. ते गप्प बसले असते तर त्यांना अजून काही महिने मिळाले असते, कदाचित वर्षसुद्धा. मी कुणाला सांगणार नव्हते. त्यांनाही ते माहीत असणार. माझा राग टेबलावरच्या माणसावर नव्हता, ताईंवर नव्हता, सरांवर होता. समुद्र त्यांचा एकट्याचा गेला असं त्यांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच पोहले. आठवड्याने त्यांच्या घरी गेले. सर ओटीवर खुर्चीत बसले होते, बाजूला रेडिओ लावलेला. शर्टाला इस्त्री होती.

"कोण गो?"

"मी."

"बस."  मग म्हणाले, "आज ओढ कुठली होती?"

"खाडीकडे."

"पाणी?"

"गार. वर गढूळ, खाली बरं. तारल्यांचा थवा होता, मासे पोटाला लागत होते."

त्यांचा चेहरा जरा उजळला आणि लगेच मिटला. "पुन्हा मला सांगायला येऊ नकोस," ते म्हणाले. "तू पोह. मला नको ते असं बसल्या जागी."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काही मला येतच नव्हतं. उठले, पायऱ्या उतरले. ताई माझ्यामागून फाटकापर्यंत आल्या. फाटकाची कडी त्यांनी हातात धरून ठेवली, मला जाऊ देईनात.

"मला सांग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कसा होता तो आज. समुद्र. मी कुठे म्हटलंय मला सांगू नकोस म्हणून?" आणि मग ओटीकडे बघत, "मोठ्याने सांग गो. हल्ली मला कमी ऐकू येतं."

ताईंना कमी ऐकू येत नाही. मी घसा साफ केला आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्याने, रस्त्यावरची माणसं वळून बघतील अशा आवाजात, सांगायला सुरुवात केली की आज दीपगृहावर धुकं होतं, पाणी वर गढूळ आणि खाली निवळ होतं, टाकी माडाच्या डावीकडे धरून मी आत गेले.

ओटीवरचा रेडिओ बंद झाला.